गावाची वस्तू आणि गावाची नोंद

(प्राथमिक शिक्षकांच्या तेर येथील अभ्यास-सहलीच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आज सकाळी आपण सर्वांनी येथील संग्रहालय पाहिले. दुपारच्या या वेळी, पोटभर जेवणानंतर, व्याख्यान ऐकणे ही एक शिक्षाच असते हे मी जाणतो. चाळीस वर्षे मीही अशाच शिबिरांत मागच्या सतरंजीवर बसलो आहे. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की मी पुरातत्त्वाचा पंडित नाही. मी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या गावी जुन्या चावडीच्या दोन खोल्यांत आम्ही काही मंडळींनी गावाच्या वस्तूंचे एक लहानसे संग्रहालय मांडले आहे. त्यात तिघे निवृत्त शिक्षक, एक शिंपी, एक शेतकरी आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. पगार कोणालाच नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी दार उघडायचे आणि बाजार उठला की बंद करायचे, असा आमचा परिपाठ आहे. एवढ्याच अनुभवाच्या बळावर मला येथे बोलावण्यात आले आहे.

सकाळी संग्रहालयात एका भगिनींनी मला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, हे सारे येथेच कसे राहिले? मुंबईला किंवा परदेशी कसे गेले नाही?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. माझे आजचे सगळे बोलणे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय.

तेर हे आज एक मध्यम वस्तीचे गाव आहे. तेरणा नदीच्या काठी काळी जमीन, गोरोबाकाकांची समाधी आणि वारीची वर्दळ, एवढेच बाहेरच्या मनुष्याच्या डोळ्यांना दिसते. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक दर्यावर्द्याने समुद्रव्यापाराचे जे टिपण लिहून ठेवले, त्यात दक्षिणापथातील दोन बाजारपेठांची नावे विशेषेकरून आली आहेत. त्यांतील पहिली पैठण होय. ती भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असे तो सांगतो. दुसरी तगर, आणि ती पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर आहे. या तगराहून साधे कापड, नाना परींची तलम वस्त्रे आणि इतर माल गाड्यांवर घालून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरी जात असे. पुढे कित्येक शतकांनी शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. तगर ही आपली मूळ नगरी असल्याचा अभिमान त्यांनी ताम्रपटांतून मिरविला.

आणि तरीही हे तगर नेमके कोठे, हे विद्वानांना पुष्कळ काळ ठाऊक नव्हते. कोणी दौलताबाद म्हटले, कोणी जुन्नर, तर कोणी धारूर. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे साधार मांडले. त्याच सुमारास हेन्री कझिन्स हे पुरातत्त्व खात्याचे अधिकारी येथे आले आणि त्यांनी त्रिविक्रमाचे देऊळ बारकाईने पाहिले. आपण सकाळी त्या देवळाच्या पाठीमागे गेलात तेव्हा भिंत सरळ नसून हत्तीच्या पाठीसारखी गोल वळलेली दिसली असेल. विटांनी बांधलेले हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे कझिन्स यांनी दाखवून दिले. महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या अतिप्राचीन वास्तूंत त्याची गणना होते. म्हणजे पाहा, गावकरी ज्या देवळात पिढ्यान्पिढ्या नित्य जात होते, त्याच्या भिंतीतच त्या नगरीच्या वयाची साक्ष उभी होती. साक्ष होती, पण ती वाचणारा कोणी नव्हता.

आता गावातल्या मनुष्याकडे वळू. ज्यांनी गावे पाहिली आहेत त्यांना ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द नवे नाहीत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे एका जागी माणसे राहिली, चुलींची राख पडली, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, म्हणजे तेथील माती भुरकट पांढरी होते आणि टेकाडासारखी वर येते. जुन्या गावांच्या भोवती अशी टेकाडे असतात. पाऊस पडून गेला की ही माती धुपते आणि मणी, खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, एखादे नाणे, असे काहीबाही उघडे पडते. शेतकऱ्याच्या दृष्टीने पांढरीची माती म्हणजे उत्तम खत. तो ती गाडीत भरून काळीत नेऊन टाकतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला पीक काढायचे असते. परंतु अशा रीतीने दोन हजार वर्षांचा इतिहास गाडी-गाडीने ज्वारीच्या रानात पसरला जातो.

तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी अशा वस्तू वेचून, मागून, मिळवून सांभाळण्यास आरंभ केला. ते या गावचेच रहिवासी. सरकारी अधिकारी नव्हते, कोणत्या विद्यापीठाचे पदवीधर म्हणून त्यांची ख्याती नव्हती. इतरांच्या दृष्टीने जे पायाखालचे खापर, ते त्यांच्या दृष्टीने आपल्या गावाचे धन होते. वर्षानुवर्षे हा संग्रह वाढत गेला आणि हजारो वस्तूंचा झाला. त्यात मणी आहेत, सातवाहनकालीन नाणी आहेत, भाजक्या मातीच्या आणि केओलिन नावाच्या शुभ्र मातीच्या मूर्ती आहेत, हस्तिदंती काम आहे. पुढे हा संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज त्यांच्याच नावाने येथे राज्य शासनाचे संग्रहालय आहे. आमच्या भगिनींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. या वस्तू येथे राहिल्या, कारण त्यांचे मोल अगोदर गावातल्या एका मनुष्याला कळले. ज्या गावात असा मनुष्य नव्हता, तेथील वस्तू कोठे गेल्या हे सांगण्यासही आज कोणी उरलेले नाही.

परंतु मित्रहो, मला येथेच थांबून चालणार नाही. वस्तू सांभाळली म्हणजे काम संपले, असे मीही पुष्कळ वर्षे समजत होतो. ती समजूत अपुरी होती, हे मला एका चुकीतून कळले. ती चूक माझीच असल्याने सांगण्यास संकोच नाही.

नोकरीच्या आरंभी मी एका आडगावच्या शाळेत होतो. शाळेचे व गावाचे नाव सांगत नाही. चौथीतला एक मुलगा एके दिवशी सदऱ्याच्या खिशातून मातीचा एक लहानसा घोडा घेऊन आला. घोड्याचा एक पाय मोडलेला होता, पण मान अशी ताठ की पाहत राहावे. वडील पांढरीची माती भरत असताना त्याला तो सापडला होता. मी त्याची पाठ थोपटली, साऱ्या वर्गाला घोडा दाखविला आणि पत्र्याच्या एका डब्यात ठेवून दिला. मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून मुले मणी आणू लागली, खापरे आणू लागली, एकाने तांब्याचे हिरवट नाणे आणले. शेजारच्या वाडीची मुलेही त्याच शाळेत येत. त्यांनीही आणले. डबा भरला. कोणी काय कोठून आणले ते लिहून ठेवावे, असे मनात रोज येई. पण परीक्षा होत्या, तपासणी होती, पटनोंदणी होती. ‘उद्या लिहू’ असे म्हणता म्हणता तीन वर्षे गेली आणि माझी बदली झाली. निघताना डबा मी बरोबर घेतला, कारण नंतरचे गुरुजी तो फेकून देतील अशी मला भीती वाटली.

पुष्कळ वर्षांनी एक अभ्यासक माझ्याकडे आले. त्यांनी डब्यातील वस्तू पंचावर ओतल्या, एकेक हाती घेऊन पाहिली. घोडा पाहून ते चकित झाले. त्यांनी मला एकच प्रश्न केला, “गुरुजी, हा कोठे सापडला?” मी गावाचे नाव सांगितले. ते म्हणाले, “कोणत्या शेतात? टेकाडाच्या माथ्यावर की पायथ्याला? याच्याबरोबर आणखी काय निघाले? या मण्यांपैकी कोणते त्या जागेचे?” माझ्याजवळ एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्ही दोघे त्या गावी गेलो. मुलाचे वडील वारले होते, मुलगा पोटासाठी दूर गेला होता, त्याचा पत्ता कोणाला सांगता येईना. टेकाडाच्या जागी सपाट रान होते आणि त्यात हरभरा डोलत होता. परतताना ते अभ्यासक काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मी घोडा सांभाळला होता, पण त्याची जीभ कापून सांभाळला होता.

हे नुसते भावनेने म्हणत नाही. वस्तू कोठे मिळाली हे ठाऊक असणे किती महत्त्वाचे, याचे एक उदाहरण तेरशीच निगडित आहे. सकाळी आपण हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढे सर्वांत अधिक वेळ उभे होतात. तशाच धाटणीची भारतीय कामाची एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई या गाडल्या गेलेल्या नगरात मिळाली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. मूर्ती त्या नगरातील एका घरात, त्या राखेखाली मिळाली. यावरून तिसरीतल्या मुलालाही समजेल असा निष्कर्ष निघतो, तो असा की मूर्ती ७९ सालाच्या आधी घडविलेली असली पाहिजे. मूर्तीवर तारीख कोरलेली नाही. तारीख सांगितली ती तिच्या जागेने. आणि ती जागा ठाऊक असल्यामुळेच आपल्या तेरच्या, भोकरदनच्या हस्तिदंती कामाचा काळ ठरविण्यास विद्वानांना आधार मिळाला. तीच मूर्ती जर कोणी राखेतून उपसून, न सांगता, एखाद्या व्यापाऱ्याला विकली असती, तर ती केवळ एक सुंदर बाहुली उरली असती.

तेरमध्येही पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू एका बाजूस आणि १९५८ साली व पुढील दशकांत झालेल्या उत्खननांत थराथरांतून मिळालेल्या वस्तू दुसऱ्या बाजूस ठेवल्या, म्हणजे हा भेद लक्षात येतो. थरातून मिळालेले साधे खापर आपल्या वरच्या व खालच्या थरांच्या संगतीने बोलते. पृष्ठभागावरची देखणी मूर्ती मुकी असते, आणि त्या खापराच्या साक्षीनेच तिला काही अंशी वाचा फुटते. वेचणारा आणि खणणारा हे परस्परांचे पूरक आहेत. मात्र वेचणाऱ्याने जागा लिहून ठेवली पाहिजे.

यास्तव आमच्या चावडीतील संग्रहालयात सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही एक जाड बांधणीची वही दाखवितो. तिच्यात सात रकाने आहेत. अनुक्रमांक, वस्तू, कोठे मिळाली, कोणास मिळाली, केव्हा मिळाली, आणणाऱ्याने तिच्याविषयी काय सांगितले, आणि नोंद करणाऱ्याची सही. वस्तूवर तोच अनुक्रमांक लहान अक्षरांत, न दिसणाऱ्या बाजूस, चिठ्ठी बांधून किंवा शाईने घातलेला असतो. नोंद त्याच दिवशी, आणणारा समोर उभा असतानाच करायची. ‘उद्या’ हा शब्द आम्ही त्या खोलीत उच्चारू देत नाही. याचे कारण आता आपणांस ठाऊक झाले आहे.

सहाव्या रकान्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण तेथे शिक्षकाची खरी कसोटी आहे. गावात कोणतीही जुनी वस्तू निघाली की ती पांडवांची असते, किंवा थेट शिवाजी महाराजांच्या घोड्याच्या टापेशी तिचा संबंध असतो. आणणारा श्रद्धेने सांगतो, त्याला खोटे पाडू नये. पण आपण ते वस्तूच्या खाली मोठ्या अक्षरांत सत्य म्हणूनही लिहू नये. तेर ही गोरोबाकाकांची भूमी. त्यांनी संतमेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे व कोणते पक्के हे पारखले, ही कथा आपण सर्वांनी मुलांना सांगितली आहे. तेच थापटणे आपण प्रत्येक सांगीव गोष्टीवर मारून पाहिले पाहिजे. हे कोणी पाहिले? कोणी ऐकले? कोठे लिहिलेले आहे? जे पक्के आहे ते ‘ठाऊक आहे’ म्हणून लिहावे आणि जे कच्चे आहे ते ‘असे सांगतात’ म्हणून लिहावे. दोन्ही लिहावे, पण एकाच रकान्यात लिहू नये. हा भेद मूल चौथीत शिकले, तर पुढे आयुष्यभर अफवेला फसणार नाही. इतिहासाच्या तासाचे याहून मोठे फळ मला ठाऊक नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. माझे बोलणे ऐकून कोणी उत्साहाने मुलांना कुदळ-फावडी घेऊन टेकाडावर नेऊ नये. जमिनीतून निघणाऱ्या ठेव्याविषयी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे त्यान्वये बंधनकारक आहे. त्याचप्रमाणे पुराण वस्तूंविषयी १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, हे त्याच्या कक्षेत येते. ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही. संरक्षित स्थळी तर एक घमेले माती उकरणे हाही अपराध आहे. म्हणून मूर्ती, नाण्यांचा हंडा, ताम्रपट असे काही निघाल्याचे कळले तर ते जागचे हलवू नये. छायाचित्र घ्यावे, जागा लिहून ठेवावी, आणि ग्रामपंचायत, तहसील व पुरातत्त्व खाते यांस कळवावे. शाळेचे काम खणण्याचे नाही, खबर देण्याचे आणि नोंद ठेवण्याचे आहे.

मग शाळेने जमवावे तरी काय? बंधुभगिनींनो, जमिनीखालच्यापेक्षा घराच्या माळ्यावर अधिक आहे, आणि ते अधिक वेगाने नाहीसे होत आहे. दोन सोपी उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण मापांचे. आमच्या संग्रहालयात धान्याच्या मापांचा एक संच आहे. पूर्वी आमच्याकडे कोष्टक असे म्हणत की दोन नेळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, आणि चार शेरांची एक पायली. मी हे पाठ म्हणवून घेत नाही. मुलांपुढे ज्वारीची रास आणि मापे ठेवतो आणि विचारतो, पायलीत नेळवी किती? मुले ओतू लागतात, मोजू लागतात. कोणी चुकतो, पुन्हा ओततो. शेवटी एक मुलगी ओतणे थांबवून बोटांवर मोजते, दोन, चार, आठ, सोळा, आणि सोळा चोक चौसष्ट. त्या क्षणी तिला दुपटीचे गणित कळलेले असते. मग सांगायचे की ही मापे गावागणिक थोडी लहानमोठी असत, बाजारात त्यावरून भांडणे होत, आणि १९५६ च्या कायद्यानंतर देशभर किलो व लिटर आले ते याचसाठी. गणित, इतिहास आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही विषय एका पायलीत मावतात.

दुसरे उदाहरण आपल्याच शाळेच्या कपाटातले. जुने जनरल रजिस्टर काढून पाहा. आपला हा मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या कागदांत मोडी किंवा उर्दू अक्षर आढळते आणि साल फसली सनात असते. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे साधारणपणे इसवी सन येतो. एवढे एक बेरजेचे गणित मुलांच्या हाती दिले की आजोबा कोणत्या वर्षी शाळेत आले ते नातू स्वतः काढतो. कोणत्या साली मुलींची पहिली नावे पटावर आली, कोणत्या वर्षी निम्मी मुले शाळा सोडून गेली, हे रजिस्टर सांगते. त्या वर्षी काय झाले होते, हे म्हातारी माणसे सांगतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात अजून गावोगाव आहेत. मात्र संस्थान विलीन झाले तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या घरात आहेत किंवा नव्वदी ओलांडून गेली आहेत. त्यांच्याकडे ‘उद्या’ जाण्यात अर्थ नाही.

आणि कधीकधी म्हाताऱ्यांचे मरण येईतोही काळ थांबत नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे आपल्या आणि लातूर जिल्ह्याच्या सीमेवर जे घडले ते मी आपणांस सांगावे असे नाही. आपल्यापैकी कित्येकांनी ते सोसले आहे. हजारो माणसे गेली. अनेक गावे पुढे नव्या जागी, सरळ रेषेतल्या घरांत वसली. त्या गावांतील मुलांना जुन्या गावठाणात कोणाचा वाडा कोठे होता, वेस कोठे होती, आड कोठे होता, हे दाखवायला भिंत उरली नाही. अशा गावातील शिक्षकाने जुन्या मंडळींना बसवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, जुन्या गावठाणाचा नकाशा मुलांकडून काढून घेतला, तर तो कागद कोणत्याही सोन्याच्या नाण्याहून मोलाचा ठरेल.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. असे काम स्वयंसेवेने चालते तेव्हा त्याला तीन शत्रू असतात. वाळवी, ओल आणि रुसवा. पहिल्या दोहोंचा उपाय सोपा आहे. कागद भिंतीला टेकवून ठेवू नयेत, जमिनीपासून उंच ठेवावेत, पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्यावा, तांब्यापितळेच्या जुन्या वस्तू चिंच लावून लखलखीत घासू नयेत. तिसरा शत्रू कठीण आहे. ‘माझ्या आजोबांची तलवार मागे आणि त्याच्या आजोबांचा अडकित्ता पुढे का?’ यावरून आमच्याकडे एकदा वर्षभर अबोला होता. शेवटी आम्ही ठरविले की वस्तू घराण्याच्या मानाने नव्हे, तर कामाच्या मानाने मांडायच्या. शेतीच्या एकत्र, स्वयंपाकाच्या एकत्र, कारागिरांच्या एकत्र. चांभाराची रापी आणि पाटलाची दऊत आज एकाच उंचीच्या फळीवर आहेत. गावाने हे मान्य केले, याचे श्रेय मी गावाला देतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संग्रह करणारा मनुष्य एक दिवस जातो. त्याच्या पाठीमागे काय राहते? लामतुरे यांच्या संग्रहाचे खरे भाग्य यात आहे की तो त्यांच्याबरोबर संपला नाही. एका मनुष्याची आवड होती ती सार्वजनिक संस्था झाली, आणि म्हणून आज आपण, त्यांना कधीही न भेटलेली माणसे, त्यांच्या डोळ्यांनी तेर पाहू शकलो. माझा पत्र्याचा डबा मात्र मी बदलीच्या वेळी काखेत मारून नेला. मला वाटले मी तो वाचविला. वास्तविक मी तो त्या गावापासून तोडला. शाळेचा संग्रह शाळेचा असतो, गुरुजींचा नव्हे. बदलीच्या वेळी आपण जडवस्तू संग्रहाचे रजिस्टर मोजून स्वाधीन करतो, खुर्च्या मोजतो, घंटा मोजतो. त्याच यादीत ही नोंदवहीही असावी, आणि नव्या गुरुजींनी किंवा बाईंनी ती पाहून सही करावी, एवढीच माझी आपल्या विभागाला नम्र विनंती आहे. याला पैसा लागत नाही, पद लागत नाही. एक वही लागते.

तो घोडा आज आमच्या चावडीत आहे. त्याच्या चिठ्ठीवर ‘कोठे मिळाला’ या रकान्यात गावाचे नाव आहे आणि पुढे जागा कोरी आहे. ती मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. बाजाराच्या दिवशी मुले येतात आणि विचारतात, “गुरुजी, येथे काही लिहिले कसे नाही?” मग मी त्यांना ही सारी हकिगत सांगतो. घोडा स्वतःविषयी बोलू शकत नाही, पण ती कोरी जागा मुलांना पुष्कळ शिकविते.

उद्या आपण आपापल्या शाळेत परताल. एखादे मूल खिशातून काहीतरी काढून आपल्यापुढे धरील. त्याची पाठ अवश्य थोपटा. पण हात खाली घेण्यापूर्वी त्याला विचारा, “बाळ, हे तुला कोठे सापडले?” आणि ते सांगेल ते त्याच्यासमोर लिहून घ्या.